कॉफी वर येईपर्यंत बटण नाही

आमच्या गल्लीत दिवसातून दोनदा तरी लाइट जाते, आणि परत येते तेव्हा सगळी गल्ली एका सुरात ओरडते, "लाइट आली!" आली ते सगळ्यांना दिसत असतंच, तरी ओरडतात. मीही ओरडते. ओरडून झालं की जो तो आपापल्या बटणांकडे धावतो. पंखा, फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर. आणि नेमके त्याच वेळी पेर्सिओ मास्तर आपल्या दुकानाच्या दारात उभे राहून गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडतात, "कॉम्प्युटरला हात लावू नका! आधी कॉफी ठेवा!"

नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला कॉफीची तल्लफ आली. तसं नाही, तो त्यांचा नियम आहे. ते म्हणतात, "नुकती आलेली वीज म्हणजे सणाच्या रात्री घरी येणारा नवरा. आधी दारात धडपडणार, मग इथं आपटणार, तिथं आपटणार. त्याला जरा बसू द्यावं, मग काय ते बोलावं." पहिल्या काही मिनिटांत वीज कमीजास्त होते, कधी एकदम उसळते, कधी पुन्हा जाऊन पुन्हा येते, आणि त्यातच कॉम्प्युटर जळतात. म्हणून लाइट गेली की आधी प्लग काढायचा. आली की ग्रेका चुलीवर चढवायची. कॉफीची ही दुमजली किटली आमच्याकडे घराघरात असते. खाली पाणी, मध्ये पूड, आणि उकळी आली की कॉफी फुसफुसत वरच्या मजल्यावर चढते. ती चढली की प्लग लावायचा. कॉफी वर येईपर्यंत बटण नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं, "मास्तर, सरळ दहा मिनिटं थांबा असं का नाही सांगत?"

"लिब्राडा, आपल्या बाराओना गावच्या माणसाला दहा मिनिटं थांब म्हटलं की तो दोन मिनिटं थांबतो आणि आठ मनात मोजतो. कॉफीला मात्र कुणाच्या बापाला घाई करता येत नाही."

गल्ली हसायची, पण कॉफी ठेवायची.

मास्तर मूळचे रेडिओवाले. मी लग्न करून या गल्लीत आले तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत पोट उघडलेले रेडिओ रांगेनं मांडलेले असायचे. मग रेडिओ गेले, टीव्ही आले, पुढे कॉम्प्युटर आले. मास्तरांनी इंग्रजी पुस्तकं मागवली. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. चित्रं बघून शिकले. आज सहासष्ट वर्षांचे आहेत, उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रंगाचा एक छोटा ब्रश, आणि दारावर स्वतः रंगवलेली पाटी: "कॉम्प्युटर दुरुस्त होतील. सल्ला फुकट, पण ऐकावा लागेल."

आणि तो ऐकावाच लागतो. मशीन जमिनीवर ठेवू नका, धूळ खाली असते आणि वादळात पाणीही खालीच येतं. समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका, खारा वारा आतली तार न् तार हिरवी करतो. भिंतीला चिकटवू नका, त्याला मागूनच श्वास घ्यायचा असतो. तीन महिन्यांनी पाठ उघडून ब्रशनं झाडून घ्या. गोड कॉफीचा कप कीबोर्डाजवळ नको. हे शेवटचं त्यांनी दोन्या ओनेलियाला शंभरदा सांगितलं. दोन्या म्हणजे आमच्याकडे मानानं म्हणायचं 'बाई'; ही ओनेलिया माझ्या समोरच्या दारातली म्हातारी, तिची नातवंडं माद्रिदला असतात. एक दिवस तिच्या कीबोर्डातून मुंग्यांची रांग निघाली. मास्तरांनी कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला तर आतून साखर, अंडी आणि निम्मं बिस्किट पडलं.

"दोन्या, इथं लग्नाचं जेवण होतं, मला बोलावलं नाहीत."

"उरलं असतं तर दिलं असतं," म्हातारी म्हणाली. तीही काही कमी नाही.

माझा स्वतःचा कॉम्प्युटर मास्तरांनीच निवडला. मी क्रोशाचं विणते. पडदे, टेबलक्लॉथ, बाळंतविडे, खुर्च्यांचे अभ्रे. माझी बहीण न्यू जर्सीत असते, ती मागे लागली होती की घे बाई एकदाचा, म्हणजे तुझं तोंड तरी दिसेल. मास्तर म्हणाले, "एकटी जाऊ नकोस. तुला गाढव रंगवून घोडा म्हणून देतील." मग बसनं चार तास राजधानीला गेलो. मास्तरांनी बरोबर काय घेतलं असेल? एक टॉर्च, एक पेचकस आणि तो ब्रश.

दुकानातल्या पोराच्या केसांना पावशेर तेल. त्यानं मला बघताच हात पसरले. "या माझी राणी! हे बघा. यात सगळं आहे. आत सात निळे दिवे आहेत, रात्री पेटतात."

मास्तरांनी विचारलं, "बाईंना त्याच्यावर करायचंय काय, ते विचारलंस?"

"अहो मास्तर, राणीला भारीतलंच हवंय. चेहऱ्यावर दिसतंय की."

"चेहऱ्यावर चार तासांचा बसप्रवास दिसतोय. लिब्राडा, तूच सांग. काय करणार आहेस?"

मी सांगितलं, विणकामाचे नमुने साठवायचे, गिऱ्हाइकांना फोटो पाठवायचे, बहिणीशी बोलायचं.

"झालं तर मग. तुला दिवे नकोत, मेमरी हवी. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की एक पातेलं उतरवल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. दिवे म्हणजे दारावरचं तोरण, ते घरी जाऊन तूच विण."

मग त्यांनी कोपऱ्यातला एक राखाडी रंगाचा, कुठल्यातरी कचेरीत वापरून झालेला ठोकळा दाखवला. मला तर बघूनच रडू आलं. चार तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली ती याच्यासाठी? मास्तर म्हणाले, उघडून दाखव. पोरगा कुरकुरला. मास्तर म्हणाले, "जो कापून दाखवत नाही त्याच्याकडून मी कलिंगडही घेत नाही." शेवटी उघडलं. त्यांनी टॉर्च पाडला आणि मला वाकायला लावलं. आतल्या हिरव्या पाटीवर बारीक बारीक डबे उभे होते. "यांची डोकी बघ. सपाट आहेत ना? तो निळ्या दिव्यांचा बघ आता. दोघांची फुगलीत. फुगलेलं डोकं आज नाही तर उद्या फुटतं, डब्याचं असो की माणसाचं." हे म्हणताना त्यांनी पोराच्या केसांकडे पाहिलं. मग नाक आत घालून वास घेतला. जळका वास नव्हता.

एवढ्यावर पैसे दिले असतील असं वाटतंय? छे. "हा तासभर चालू ठेव, आम्ही जेवून येतो," असं सांगून मला खानावळीत नेलं. भात, राजमा आणि तळलेला मासा खाऊन परत आलो तेव्हा मास्तरांनी मशीनच्या पाठीवर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. "कोमट आहे. घे." तो राखाडी ठोकळा आज नऊ वर्षं माझ्याकडे आहे. निळ्या दिव्यांचा आमच्याच गल्लीतल्या एकानं नंतर घेतला होता, तो सहा महिने टिकला. नाव सांगत नाही, बिचारा अजून चिडतो.

पण आमचं भांडण झालं ते त्यानंतर. आमच्याकडे चांगली वस्तू उघडी ठेवत नाहीत. टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, गॅसच्या टाकीलासुद्धा झालरीचा झगा असतो. मग एवढा लांबून आणलेला कॉम्प्युटर काय उघडा ठेवायचा? मी त्याला पांढऱ्या दोऱ्याचं पांघरूण विणलं. गुलाबाची फुलं, खाली झालर, वर मधोमध देवमातेची छोटी मूर्ती. बघायला बायका येऊ लागल्या. बघितलं की त्यांनाही हवं व्हायचं. दोन महिन्यांत मी गल्लीतल्या अकरा कॉम्प्युटरांना कपडे केले, आणि आम्ही सगळ्याजणी ते कपडे घालूनच कॉम्प्युटर चालवायचो. काढून ठेवायचे तर विणायचे कशाला?

मग उन्हाळा लागला आणि अकराच्या अकरा मशीनं दुपारची पटापट बंद पडू लागली. मास्तर माझ्याकडे आले, पांघरुणाखाली हात घातला आणि "अरे देवा!" म्हणून मागे घेतला.

"लिब्राडा, भर दुपारी तुला स्वेटर घालून अंगणात बसवू का?"

"मला कशाला? मी काय मशीन आहे?"

"तू असतीस तर आरडाओरडा तरी केला असतास. हे बिचारं गपचूप मरतंय."

त्यांनी देवमाता अदबीनं उचलून कपाटावर ठेवली, स्वतःवर क्रूस काढला, आणि माझे गुलाब ओढून काढले. एवढ्यावर थांबते तर मास्तर कसले? घरोघरी जाऊन अकराही पांघरुणं उतरवली आणि गठ्ठा करून माझ्या दारात आणून ठेवला, सगळ्या गल्लीदेखत. मी तीन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. लाइट आली की ते दारात ओरडायचे, मी धाडकन खिडकी लावायची. पण कॉफी ठेवायची, हेही खरं. शेवटी तह झाला. मशीन बंद करून गार झालं की मगच पांघरूण, चालू करण्याआधी घडी. दोन्या ओनेलिया म्हणाली, "म्हणजे नाइटगाऊन." तेव्हापासून गल्लीत त्याला नाइटगाऊनच म्हणतात, आणि राजधानीपर्यंत जातात माझे नाइटगाऊन.

हे सगळं सांगते त्यावरून वाटेल की मास्तरांच्या घरी कॉम्प्युटरचा सुकाळ असेल. आमच्याकडे म्हण आहे, लोहाराच्या घरी सुरी लाकडाची. दुकानात लोकांची मशीनं, आतल्या खोलीत एकही नाही. मी विचारलं की म्हणायचे, "मला कुणाचं तोंड बघायचंय?"

कुणाचं ते गल्लीला माहीत होतं. त्यांचा मुलगा विल्किन. बायको त्याच्या लहानपणीच न्यूयॉर्कला गेली ती तिकडचीच झाली, तेव्हापासून घरात बाप आणि मुलगा दोघंच. विल्किन अर्धा माझ्याच ताटात वाढला. हिरव्या केळ्यांचं मांगू आणि वर तळलेलं चीज, हे त्याला माझ्याच हातचं लागायचं. वीस वर्षांचा झाला तेव्हा बापापेक्षा बरा हात होता त्याचा, हे मी म्हणते, बाप कधी म्हणाला नाही. एकदा शाळेच्या बाईंचं मशीन आलं होतं. मास्तरांनी बघून हात टेकले होते. विल्किननं ते चार दिवस खपून एकट्यानं जुळवलं. दोन दिवस गल्लीत लाइट नव्हती, त्यामुळे चालवून बघता येत नव्हतं. मास्तर समोर झाडाखाली डॉमिनो खेळत होते. लाइट आली. गल्ली ओरडली. मास्तर 'कॉफी' म्हणायच्या आत विल्किननं थेट बटण दाबलं.

आतून फट्ट आवाज आला आणि धूर निघाला. बाईंच्या बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यात होत्या. मास्तर डाव टाकून उठले आणि सगळ्या खेळणाऱ्यांदेखत मुलाला म्हणाले, "तुझ्या हातून कधी काही होणार नाही. हात लावशील ते जाळशील." विल्किननं पेचकस टेबलावर ठेवला. महिन्याभरात आईकडे निघून गेला. निरोप घ्यायला माझ्याकडे आला, बापाकडे नाही.

त्याला आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मास्तरांनी गल्लीतल्या प्रत्येकाला परदेशातल्या आपल्या माणसाचं तोंड दाखवलं. दोन्या ओनेलियाची नातवंडं पडद्यावर आली की ते स्वतः मागे सरकून भिंतीला टेकायचे आणि वायरी तपासायचे. वायरींना काहीही झालेलं नसायचं.

गेल्या वर्षी मला दिसलं की त्यांचा हात थरथरतो. ब्रश धरतात तेव्हा कमी, पेचकस धरतात तेव्हा जास्त. मग मी कुणालाही न विचारता एक काम केलं. न्यूयॉर्कला असलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून विल्किनचा पत्ता काढला आणि कॉम्प्युटरवरून लिहिलं, "तुझा बाप म्हातारा झाला. हात कापतो. तू अजून वीस वर्षांचाच आहेस का?" नऊ दिवस उत्तर नाही. दहाव्या दिवशी आलं. "मावशी, रविवारी चार वाजता कॅमेरा लावून तुमच्या मशीनवर येईन. ते बसले तर बोलेन. नाही बसले तर समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही." फोन नंबर दिला नव्हता. तोही त्याच बापाचा.

मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी दाराच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या मशीनची पाठ कधी झाडली होतीस?"

रविवारी दुपारी दोन वाजता ते हजर. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशात ब्रश. आल्या आल्या त्यांनी माझं मशीन उघडून झाडलं, जोडण्या पुसल्या, कॅमेरा चार वेळा हलवला. दोन्या ओनेलिया काहीतरी निमित्त काढून येऊन बसलीच. साडेतीनला मास्तर खुर्चीत बसले. पंचवीस मिनिटं काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत केस सारखे केले.

चारला पाच कमी असताना लाइट गेली.

मास्तरांनी सवयीनं प्लग काढला. चार वाजले. चार वाजून पाच झाले. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मला मेलीला त्या वीज कंपनीच्या सगळ्या साहेबांना एकेक करून समुद्रात ढकलावंसं वाटत होतं. चार वाजून अकरा मिनिटांनी बाहेर गल्ली ओरडली, "लाइट आली!"

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पेर्सिओ मास्तर कॉफी म्हणाले नाहीत. त्यांनी प्लग खोचला. हात बटणाकडे गेला.

मी त्यांचं मनगट धरलं.

"सोड, लिब्राडा."

"नाही सोडणार."

"तो जाईल! त्यानं लिहिलंय पुन्हा विचारणार नाही. सोड म्हणतो ना!"

"मास्तर, हे मशीन जळलं तर तो आज तर जाईलच, आणि कायमचाही जाईल. दोन्या ओनेलिया, ग्रेका ठेवा."

म्हातारी आधीच चुलीपाशी पोचली होती. मास्तरांनी मनगट हिसकलं, पण तेवढा जोर आता त्यांच्यात नाही. मग अचानक त्यांनी ओढणं सोडलं. माझ्या हातात धरलेल्या आपल्याच हाताकडे बघत राहिले.

"त्यालाही असंच झालं असेल," ते म्हणाले. "त्या दिवशी. मला दाखवायची घाई होती त्याला."

मी हात सोडला. त्यांनी स्वतःच प्लग परत काढला.

कॉफी कधी एवढी हळू चढली नसेल. चुलीकडे तिघं बघत होतो. मध्येच डोक्यावरचा बल्ब भगभगून पांढरा झाला, झपकन विझला, आणि दोन क्षणांनी पुन्हा लागला. गल्लीत कुणाच्या तरी पंख्यातून जळका वास आला. दोन्या ओनेलियानं क्रूस काढला. मग ग्रेका फुसफुसली, कॉफी वर आली. त्यांनी प्लग लावला, बटण मला दाबायला सांगितलं.

माझा राखाडी ठोकळा आपल्या वेळेनं जागा झाला. चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. पडद्यावर विल्किनच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. मग चित्र आलं. दाढी, थोडं सुटलेलं पोट, आणि डोळे जसेच्या तसे. खिडकीबाहेर बर्फ होतं. बापानं आणि मुलानं एकमेकांकडे पाहिलं.

"उशीर झाला," मास्तर म्हणाले. "लाइट गेली होती."

"माहीत होतं," विल्किन म्हणाला. "म्हणजे चारला वाटलं, नाही बसले. बंद करणार होतो. मग म्हटलं, लाइट गेली असेल. आली की लिब्राडा मावशीच्या चुलीवर ग्रेका चढेल. मग मीही इकडे चढवली." त्यानं कप उचलून दाखवला. "दुसरा कप आहे हा, पप्पा. कधीची वाट बघतोय."

दोन्या ओनेलिया उघडउघड रडायला लागली होती. मीही रडत होते, सांगायला लाज कसली? मास्तर मात्र पडद्याजवळ सरकले, डोळे बारीक केले.

"मशीन कुठे ठेवलंयस? जमिनीवर?"

विल्किननं कॅमेरा फिरवला. टेबलावर दोन विटा, विटांवर मशीन, भिंतीपासून वीतभर पुढे. अंगावर काही नाही. बाजूला पेनाच्या भांड्यात रंगाचा एक छोटा ब्रश उभा होता.

"हेच काम करतो मी इकडे," तो म्हणाला. "लोकांची मशीनं बघतो. अजून एकही जाळलं नाही."

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी आपला उजवा हात वर करून कॅमेऱ्यासमोर धरला, थरथरत होता तसाच, लपवला नाही.

"आज लाइट आल्या आल्या हा हात बटणाकडे गेला होता, पोरा. माझा. लिब्राडानं धरला म्हणून वाचलो." मग म्हणाले, "त्या दिवशी तुझा धरायला मी तिथं असायला हवं होतं. आणि जळलं तर जळलं, तुझ्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. तू ते मशीन जोडलं होतंस. मला जमलं नव्हतं."

विल्किननं कप खाली ठेवला. इकडे चुलीवर आमची कॉफी गार होत होती. ती कुणीच ओतली नव्हती.